कोणत्या डोळ्यांनी

व्हिटबी, २० ऑक्टोबर २०२४

वयाच्या शहात्तराव्या वर्षी दैनंदिनी सुरू करणे हा मूर्खपणा आहे. पण मला बोलल्याशिवाय विचार करता येत नाही, आणि बोलायला समोर माणूस उरलेले नाही. इतकी वर्षे माझी बायको, प्रमोदिनी, होती. ती ऐकत असे की नाही, हे मी कधी तपासले नाही.

काल मुलगी ईशानी, जावई कोल्बी आणि प्रमोदिनीची मैत्रीण सुनेत्रा, असे तिघे तिची रक्षा घेऊन लेक ओंटारिओच्या किनाऱ्यावर गेले. मी गेलो नाही. ईशानीला स्पष्ट सांगितले की रक्षा म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. मी धातुशास्त्रज्ञ आहे. आयुष्यभर अणुवीज केंद्राच्या नळ्यांचे धातू तपासले. मला राखेत माणूस दिसत नाही. ती आईचा जाड कोट अंगात घालून निघून गेली.

परत यायला त्यांनी फार वेळ लावला. तिघांचे ओठ निळे पडले होते. ईशानी सरळ माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असे तिने शेवटचे कधी केले होते, आठवत नाही. म्हणाली, "बाबा, वुई आर मूव्हिंग हिअर. कोल्बी ट्रान्स्फर मागतोय."

म्हणजे दूर पश्चिमेकडच्या लेथब्रिजमधले घर विकून ते दोघे इथे, माझ्या घरात. मी म्हटले, बेसमेंटमध्ये माझी पुस्तके आहेत. ती म्हणाली, पुस्तकांसकट राहू.

हे कशामुळे झाले असावे? मृत्यू समोर आला की माणूस ताळ्यावर येतो. मी जे आयुष्यभर सांगत आलो, ते तिला आता पटू लागले असणार.

२४ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी शंतनु, तो पुण्याचा सॉफ्टवेअरवाला मुलगा, फोनवर चाचरत विचारत होता की काका, तुमचं व्याख्यान पुढे ढकलायचं का. मी म्हटले, मुळीच नाही. उलट आताच ते मी जास्त चांगले करीन.

विषय: मॉर्मन साक्षीदारांनी नेमके काय पाहिले? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातला एक तरुण म्हणाला की देवदूताने सांगितलेल्या जागी त्याला सोन्याचे कोरीव पत्रे सापडले. त्यावर मॉर्मन पंथ उभा राहिला. पत्रे इतरांनी पाहायची मनाई. मग अकरा जणांनी सह्या करून दिल्या. तिघांना म्हणे ते देवदूताने दाखवले, आठ जणांनी ते हातात धरून उचलून पाहिले. त्या तिघांतला एक शेतकरी, मार्टिन हॅरिस. त्याच्याबद्दल त्याच काळातल्या लोकांनी लिहून ठेवले आहे की खोदून विचारल्यावर तो म्हणे, पत्रे या डोळ्यांनी नाही, श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहिले. मध्ये डोंगर असताना पलीकडचे शहर दिसावे तसे.

माझा मुख्य आक्षेप पद्धतीवर आहे. सगळ्यांसाठी आधीच लिहिलेला मजकूर आणि खाली सह्या. त्यांना वेगवेगळे बसवून, कुठल्या बाजूने, किती वेळ, कोणत्या डोळ्यांनी, असे सही घेताना कोणी विचारले? मी तिथे असतो तर तासाभरात सोक्षमोक्ष लावला असता.

एक गाठ मात्र सुटत नाही. पुढे त्या तिघांचेही संस्थापकाशी बिनसले. तिघेही पंथाबाहेर झाले. हाती सूड घ्यायची उत्तम संधी होती. तरी आपली साक्ष खोटी होती असे त्यांनी जाहीर केले नाही. का? इथे व्याख्यान अडते आहे.

कोल्बी याच पंथातल्या जुन्या घराण्यातला. सात वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाच्या जेवणात मला वधूपिता म्हणून चार शब्द बोलायला सांगितले होते. मी हाच विषय घेतला. सोन्याची घनता, पत्र्यांचे आकारमान. भरीव सोने असते तर गठ्ठा नव्वद किलोच्या घरात गेला असता, तो काखेत मारून कोण पळतो? इंग्रजीतले ते माझे सर्वोत्तम भाषण. हॉल चिडीचूप झाला होता. कोल्बीची आजी तर भारावून रडली. परतीच्या विमानात प्रमोदिनी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिला विमानात मळमळत असे. त्यानंतर ईशानी इकडे फारशी येईना, आईशी तेवढी फोनवर बोले. अंतर फार आहे आणि नोकरीत रजा कुठे मिळते.

२९ ऑक्टोबर

बेसमेंट आवरायला घेतले. पुस्तकांची खोकी मी आणि कोल्बी मिळून गराजमध्ये नेली. तो लायब्ररीतल्यासारखा एकेक पुस्तक उलटून बघतो, त्यामुळे वेळ लागतो. त्याला मराठी वाचता येत नाही, पण प्रमोदिनीने शिकवलेली वीसेक वाक्ये तो बोलतो. "बाबा, चहा घेणार?" हे त्यातले एक. उच्चार भयंकर. मी दोनदा घेतला.

ईशानीने खालच्या भिंतींसाठी रंगाचे नमुने आणले आहेत. मला विचारले. मी म्हटले, काहीही लावा. मग फिकट पिवळा म्हटले.

२ नोव्हेंबर

सुनेत्रा फराळ घेऊन आली. सुतकातल्या घरात तळण करीत नाहीत, म्हणून शेजारपाजारच्यांनी आणून द्यायचे. मी म्हटले, या घरात सुतक नाही. ती म्हणाली, "मग चकली तरी खा."

ती निवृत्त नर्स आहे आणि तिला गप्प बसता येत नाही. ईशानी आणि कोल्बी ग्रोसरीला गेले होते. चहा पिता पिता ती म्हणाली, "प्रतापराव, एका दृष्टीनं सुटली हो ती. आम्ही तर घाबरलो होतो. इथले ते सीगल आणि ती गीज, कावळा यायचा तरी कुठून? पण शेवटी शिवला."

मी विचारले, काय शिवला?

तिच्या हातातली चकली तशीच राहिली. मग सगळे बाहेर आले. लेकवर नुसती रक्षा गेली नव्हती. सुनेत्राच्या किचनमध्ये भात शिजवून पिंड केले होते, लाइटहाऊसपलीकडच्या खडकावर मांडले होते. माझ्या बायकोचे पिंड. कावळ्याची वाट पाहत तिघे त्या वाऱ्यात उभे राहिले होते. एक लेथब्रिजचा मॉर्मन, एक नर्स आणि कॅनडात जन्मलेली माझी मुलगी, जिच्याकडून मी ती शाळेत असताना पृथ्वीचे वय पाठ करून घेतले होते.

मी विचारले, ही कल्पना कोणाची? ती म्हणाली, प्रमोदिनीचीच. हॉस्पिटलमध्ये तिने सांगितले होते. मी म्हटले, शक्य नाही, ती मॉर्फिनवर होती. सुनेत्रा म्हणाली, "मॉर्फिन मी आयुष्यभर दिलंय, प्रतापराव. ती शुद्धीवर होती."

मग मला का नाही सांगितले?

यावर सुनेत्राने बशी उचलून सिंकमध्ये ठेवली. जाताना दारात म्हणाली की कावळा काही केल्या येईना, शेवटी ईशानीने शब्द दिला तेव्हा शिवला. कसला शब्द, ते तिला विचारा. "नाहीतर नकाच विचारू. शिवला ना, मग झालं."

नाही झाले. माझ्या घरात तीन साक्षीदार निघाले आहेत आणि तिघेही जिवंत आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांची उलटतपासणी करता येत नाही. यांची येईल.

३ नोव्हेंबर

पद्धतशीर सुरुवात केली. सुनेत्राला फोन करून आधी सांगितले की या संभाषणाबद्दल इतर दोघांशी बोलायचे नाही. ती हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आले.

तिची साक्ष: कावळा उजवीकडच्या झाडावरून आला. मोठा, आपल्याकडच्या दुप्पट. चोच मारली आणि उडाला. झाड कोणते? विलो. तिथे विलो नाही, मी त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे फिरलो आहे. मग ती म्हणाली, असेल दुसरे काही. तुझा चष्मा? वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होते म्हणून काढून ठेवला होता. मी नोंद केली. ती म्हणाली, "प्रतापराव, तुम्ही हे का करताय?" मी म्हटले, सत्यासाठी. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

कोल्बी ड्राइव्हवेवर माझ्या गाडीला विंटर टायर्स लावत होता. मी खुर्ची घेऊन तिथेच बसलो.

तो म्हणाला, हो, कावळा आला. मी विचारले, तू पाहिलास? त्याने नट घट्ट करून घेतला, मग म्हणाला, त्या वेळी त्याचे डोळे मिटलेले होते, तो प्रार्थना करत होता. पंखांचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा ईशानीचा चेहरा दिसला, त्यावरून कळले.

कशाने कळले?

त्याने मान वर करून पाहिले. हे पोर मूर्ख नाही. आपल्याला कुठे नेले जात आहे हे त्याला समजले होते. म्हणाला, मी कोर्टात शपथ घेणार नाही. पण मला विचाराल तर हो म्हणेन, नेहमी हो म्हणेन.

म्हणजे थेट मार्टिन हॅरिस, माझ्या ड्राइव्हवेवर, हातात पाना घेऊन. मला इतका आनंद झाला की मी त्याची पाठ थोपटली.

तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आस्क मी एनिथिंग. डोन्ट आस्क हर. प्लीज."

ज्या साक्षीदाराला इतर जण झाकू पाहतात, तोच कच्चा असतो. हे कोणताही वकील सांगेल.

९ नोव्हेंबर

आठवडाभर थांबलो. व्याख्यानाचा कच्चा खर्डा झाला. कोल्बीच्या ट्रान्स्फरचे नक्की झाले. बेसमेंटला पिवळा रंग लागला. चांगला दिसतो.

आज दुपारी कोल्बी हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. ईशानी किचनमध्ये वरणाला फोडणी देत होती, आईसारखी, पळीत तेल तापवून. मी टेबलाशी बसलो आणि विचारले, कुठल्या बाजूनं आला?

तिने विचारले नाही की कोण. गॅस बंद केला.

माझ्याशी ती नेहमी इंग्रजीत बोलते. मराठी आईसाठी होते. आधी इंग्रजीतच म्हणाली की हे नको, लीव्ह इट. मी म्हटले, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर दे. ती म्हणाली, डावीकडून. सुनेत्रा उजवीकडून म्हणते. मग म्हणाली, मागून आला असेल. रंग? काळा. चोच? तिला सांगता येईना. किती वेळ बसला? सीगल त्या वेळी कुठे होते? तू भाताकडे पाहत होतीस की पाण्याकडे? शिवला हे आधी तू पाहिलेस की सुनेत्राने म्हटल्यावर पाहिलेस? मी आवाज चढवला नाही. एकदाही चढवला नाही. समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही, पण आवाज शांत ठेवायचा. लोकांना वाटते वक्तृत्व म्हणजे गर्जना.

ती ओट्याला टेकून उभी होती. तिथूनच मराठीत म्हणाली, "नाही शिवला, बाबा. कावळा नव्हताच. सीगल आले, सगळा भात खाऊन गेले. सुनेत्रामावशीनं म्हटलं शिवला, आणि मी म्हटलं हो."

मी वहीत लिहून घेतले. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते वाक्य समोर होते. साक्षीदाराने साक्ष मागे घेतली. मी तिला म्हटले, शाब्बास. असे कबूल करायला धैर्य लागते.

मग, केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून, शब्द काय दिला होता ते विचारले.

"तुम्हाला एकटं सोडणार नाही, असा. आईचा जीव त्यातच अडकला होता ना." ती पळी पुसत होती. "मला नव्हता द्यायचा. लग्नानंतर मला तुमच्याबरोबर एक वीकेंडसुद्धा नको होता. भात ठेवून आम्ही किती वेळ उभे होतो, मी तरी शब्द देत नव्हते. शेवटी दिला, आणि मावशी म्हणाली शिवला. मला वाटलं, आईला अजूनही हे हवंय, तर ओके. तर मला जमेल."

मी म्हटले, यात तर्कदोष आहे. पक्ष्याचा आणि शब्दाचा कार्यकारणसंबंध नाही. शब्द द्यायचा तर पक्ष्यावाचूनही देता येतो.

ती म्हणाली, "तेच ना, बाबा. पक्ष्यावाचून मी तो दिला नसता."

वरणात फोडणी पडलीच नाही. तसेच जेवलो.

१३ नोव्हेंबर

आज ते दोघे गेले. कोल्बीने ट्रान्स्फर नको म्हणून कळवले. जाण्याआधी त्याने ड्राइव्हवेच्या कडेला बर्फावर टाकायच्या मिठाची पोती रचून ठेवली, बर्फ उपसायचा शोव्हल दाराशी आणून ठेवला, फर्नेसचा फिल्टर बदलला. ईशानी रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला उत्तर देता आले असते. ती हलकी झाल्यासारखी दिसत होती.

टॅक्सीत बॅगा चढल्यावर मी कोल्बीला म्हटले, आता पुरुषासारखा खरे सांग, त्या अकरा जणांनी पाहिले का? तो म्हणाला, मला माहीत नाही. पण माझ्या पणजोबांचे आजोबा त्या शब्दावर बैलगाडी जुंपून पश्चिमेकडे निघाले होते, वाटेत त्यांच्या दोन मुली गेल्या. ते पाहिलेलं होतं की मानलेलं, हे मी त्यांना विचारलं नसतं.

हा युक्तिवाद नाही. भावनेला हात घालणे म्हणतात याला. मी तसे सांगणार होतो, पण टॅक्सी सुटली होती.

सुनेत्राला फोन करतो आहे. वाजतो, ती उचलत नाही.

२४ नोव्हेंबर

व्याख्यान झाले. लायब्ररीचा हॉल भरला होता, काही जण उभे होते. मी असा बोललो की तसा आजवर बोललो नव्हतो. कागद हातात घेतला नाही. सोन्याचे वजन, एकाच मजकुराखालच्या सह्या, श्रद्धेचे डोळे, एकेक करून सगळे उभे केले आणि एकेक करून पाडले. टाळ्या थांबेनात.

प्रश्नोत्तरांत शंतनुने हात वर केला. म्हणाला, "काका, सगळं पटलं. पण एक राहिलं. ते तिघे नंतर भांडून बाहेर पडले, तरी त्यांनी साक्ष खोटी होती असं का नाही सांगितलं?"

मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटले, "कारण त्यांना नीट विचारणारा कोणी भेटला नाही. नीट विचारलं, की माणूस साक्ष मागे घेतो. जवळचा माणूस सगळ्यात लवकर घेतो."

पुन्हा टाळ्या. समोसे होते, चहा होता. एक बाई म्हणाल्या, प्रमोदिनीताई असत्या तर किती अभिमान वाटला असता. शंतनुने घरी सोडले. घरात शिरल्यावर मी कोट न काढता किचनमध्ये गेलो. व्याख्यानानंतर मी नेहमी किचनमध्ये जाऊन सांगतो की कसे झाले.

८ डिसेंबर

काल पहिला मोठा बर्फ पडला. शोव्हल करताना कंबर धरली, अर्धाच ड्राइव्हवे झाला. बेसमेंटमध्ये जाऊन दिवे लावून आलो. पिवळा रंग कोरडा झाला आहे, आता वास येत नाही.

आज एक प्रयोग केला. प्रयोगच. ओंटारिओत हिवाळ्यात कोणते पक्षी शिजवलेला भात खातात, याची माहिती ईशानीच्या साक्षीच्या संदर्भात उपयोगी पडावी. छोट्या पातेल्यात भात लावला, खाली लागला. वरचा चांगला भाग घेऊन मुदीसारखा करून घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवला आणि खिडकीशी बसलो.

काही येईना. खूप वेळ एक चिटपाखरू नव्हते. मी शब्द वगैरे काही दिला नाही. देण्यासारखे माझ्याकडे काय आहे? फक्त काचेजवळ जाऊन मोठ्याने म्हटले, की व्याख्यान चांगले झाले. आणि वरण मला अजून जमत नाही.

मग चहाचे आधण ठेवायला वळलो. परत आलो तेव्हा कठड्यावर भात नव्हता. बर्फावर खुणा होत्या, पण वाऱ्याने विस्कटलेल्या. खार असेल. ब्लूजे पक्षी असेल. भात खाली बर्फात पडलाही असेल. मी बाहेर जाऊन पाहिले नाही.

ईशानीला फोन केला. तिने उचलला. मागे कोल्बी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटले, "आला होता गं. कावळाच. भात घेऊन गेला. मी पाहिला."

  मग तिने मराठीत विचारले, अगदी शांत आवाजात, "कुठल्या बाजूनं आला?"

मी म्हटले, डावीकडून.

डावीकडे शेजाऱ्यांच्या गराजची भिंत आहे, डेकला लागून, छपरापर्यंत. ती याच घरात वाढली आहे.